डोक्यावरून पाणी

केसांच्या डॉक्टर मनकर्णा केंद्रे यांनी खुर्चीत बसण्याआधी त्रिंबकराव नागरगोजे यांच्या टकलाकडे पाहून घेतलं. धंद्याची सवय. त्रिंबकरावांनी ते हेरलं आणि डोक्यावरून हात फिरवत सांगितलं, की याच्यावर इलाज नको, हे आता वतनाचं झालंय.

डॉक्टर हसल्या नाहीत. दाराकडे पाठ करून बसायला त्या तयार नव्हत्या. खुर्ची फिरवून घेतली तेव्हा कुठे टेकल्या.

अंबाजोगाईच्या बसस्टँडमागे, बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत त्रिंबकरावांची खोली होती. पाटीवर ‘खाजगी चौकशी’ एवढंच. चौकशी बहुतेक लग्नाची असायची. मुलगा पितो का, नोकरी कायम आहे का, पहिली बायको कुठे लपवलीय का. दुष्काळानं लग्नं पुढे ढकलली होती, म्हणून त्रिंबकराव रिकामे होते आणि त्यांचा जोडीदार शहादेव त्याहून रिकामा. शहादेवकडे एक जीप, एक कंगवा आणि दाट कुरळे केस होते. तिन्हींचा त्याला सारखाच गर्व होता.

"लोक म्हणतात, मी घाणेरड्या सुया वापरल्या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि खरं सांगते, आता मलाही वाटायला लागलंय, की वापरल्या की काय."

हकिगत अशी होती. घाटनांदूरच्या अलीकडे खडकवाडी. तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन भगवानराव, त्यांचा मुलगा भारत. लग्न जमलेलं आणि केस मागे सरकलेले. माणसाचंच रक्त काढायचं, त्यातला कामाचा भाग वेगळा करायचा आणि डोक्याच्या कातडीत सुईनं टोचायचा, असा हा इलाज. पहिली खेप उत्तम झाली. दुसऱ्या खेपेनंतर डोकं सुजलं, पुवाचे फोड आले, आणि होते नव्हते ते केसही पुंजक्यांनी गळाले. मुलीकडच्यांनी लग्न लांबणीवर टाकलं.

भगवानरावांनी मग जाहीर केलं, की येत्या सोमवारी संस्थेच्या सभेत या डॉक्टरणीचा निकाल लावतो. एकाही सभासदाच्या घरचं माणूस तिची पायरी चढणार नाही, वर तक्रार जाईल ती वेगळी. त्या भागात पाऊस नसताना घरात पैसा यायचा तो दुधाचाच, म्हणून चेअरमनचा शब्द खाली पडत नसे. डॉक्टरांच्या घरमालकानं तर सभेची वाटही न पाहता जागा खाली करायला सांगितली होती.

डॉक्टरांचे वडील आश्रुबा जन्मभर ऊस तोडत आले होते. लेक पुण्यात न राहता आपल्या मुलखात दवाखाना घालते म्हणून त्यांनी भावकीला जेवण दिलं होतं. ते आता घराबाहेर पडत नव्हते. एवढं सांगून डॉक्टर पुन्हा मुद्द्यावर आल्या.

"पू तपासून घेतला मी. जंतू निघाले ते साचलेल्या पाण्यातले. टोचल्यावर त्याच दिवशी डोक्यावर पाणी गेलंय. पण भारत शपथ घेऊन सांगतो, डोकं धुतलं नाही. आणि चेअरमन म्हणतात, पाणी असलंच तर तुमच्याच दवाखान्यातलं."

टोचल्यावर तुम्ही पेशंटला काय सांगता, असं त्रिंबकरावांनी विचारलं. डॉक्टरांनी शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हणून दाखवलं. "दोन दिवस डोकं धुवू नका. तेल नको, कलप नको, ऊन नको, घाम येईल असं काम नको. दुखलं तर मनानं गोळी घेऊ नका. यातलं काही मोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल. घट्ट टोपी घालू नका, हा फडका सैल बांधा."

त्यांनी पर्समधून फडका काढला. पांढरा, मऊ, कडेनं निळ्या दोऱ्याची हातशिलाई. डॉक्टरांची आई भिवराबाई घरी बसून ते शिवायची. बाजारात असा मिळत नाही, एवढं त्यात त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"हे सगळ्यांना सांगता?"

"शब्दही बदलत नाही. पेशंटला सांगते आणि सोबतच्या माणसालाही ऐकवते."

"त्या दिवशी भारतच्या आधी कोण होतं दवाखान्यात?"

"होतं कोणीतरी. नाव मी सांगणार नाही." डॉक्टर ताठ बसल्या. "केस जाणं ही लोकांना लाजेची गोष्ट वाटते, त्रिंबकराव. माझ्याकडे नवरदेव भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून येतात. बायकांना मी पडद्याआड बसवते. दवाखाना गेला तरी चालेल, नावं जाणार नाहीत."

शहादेवला हे फार आगाऊपणाचं वाटलं. त्रिंबकरावांना आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

खडकवाडीत भगवानरावांनी दोघांना अंगणातच बसवलं. शेजारी संस्थेची इमारत, तिच्या दाराशी दुधाचे रिकामे कॅन उलटे घातलेले. अंगणात भिंतीलगत पाण्याची टिपाडं होती. भगवानरावांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की चौकशी करायची तर त्या बाईची करा, माझ्या अंगणात तुमचं काय काम.

भारत बाहेर आला. डोक्याला निळ्या काठाचा फडका होता आणि नजर जमिनीला. उमदा गडी, पण आता त्याच्याकडे पाहवत नव्हतं. त्रिंबकरावांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "न्हाई धुतलं डोकं. मायची शपथ."

"खोटी शपथ घेनारं पोरगं न्हाई माझं," भगवानराव म्हणाले.

शहादेवनं मधल्या वेळात एका टिपाडाचं झाकण उचललं. तळाला हिरवट पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या. टँकर ठरल्या दिवशी येतोच असं नाही, मग अंघोळीला असलंच वापरावं लागतं, प्यायचं तेवढं गाळून-उकळून घेतो, असं भगवानरावांनी सांगितलं. सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण सगळा मुलूखच तसं करत होता.

जानकीबाई, भारतची आई, चहा घेऊन आल्या. त्रिंबकरावांची लग्नाच्या चौकशीतली जुनी खोड अशी, की बायकांशी बोलणं माहेरापासून सुरू करायचं. जानकीबाई म्हणाल्या, माहेर सिरसाळ्याचं, भाऊ बंकट तिथंच असतो. "शंभर वर्सं जगू दे माझा भाऊ," एवढं पुटपुटून त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि चहाचे कप न घेताच आत गेल्या.

भावावर माया असावी तर अशी, असं शहादेव म्हणाला. त्रिंबकराव नुसतेच आतल्या दाराकडे पाहत राहिले.

गावात संशयाचं एक तयार गिऱ्हाईक होतं. साखराबाई. ती घरी तेल कढवून विकायची, आणि भारत डॉक्टरणीकडे जायला लागल्यापासून तिनं चारचौघांत त्याला शिव्या घातल्या होत्या. शहादेवनं जीपमधून उतरतानाच निकाल देऊन टाकला, की हिनंच त्याला गुपचूप तेल चोपडलं.

साखराबाईनं दोघांना ओसरीवर बसवलं आणि विचारायच्या आधीच सुरुवात केली. सुया टोचून केस येत असते तर निवडुंगाच्या फडातलं मेंढरू सगळ्यात केसाळ झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. तेल त्यानं घेतलंच नाही, उलट बाटली परत धाडली. मग तिनं स्वर खाली आणला.

"लई माज हाय त्याला केसाचा. मामाची पोरगी ताराबाई, ल्हानपनापासून त्याचीच म्हनून ठरलती. कारखान्यावर ऊस तोडाया गेली, तितं ताप आला, केस गेले बिचारीचे. मीच तेल दिलतं. तर हे साहेब मनले, टकली बायकू मला नको. आता फिरलं का न्हाई चाक?"

सुया टोचल्या त्या दिवशी काही वेगळं दिसलं का, असं त्रिंबकरावांनी विचारलं.

साखराबाईनं थोडा विचार केला. दुपारी त्या घरातून बायामाणसांची रडारड ऐकू आली, म्हणून ती धावत गेली होती. पोचेपर्यंत जरा वेळ लागला, गुडघे धरलेले. तर आत सगळे हसत होते आणि जानकीबाईंनी तिला साखर जास्त घातलेला चहा दिला. "सगळ्यांचे केस वले, आन् टिपाडं पार तळाला. दुस्काळात असा पान्याचा उधळा कोन करतं? कावून इचारलं, तर कोनी बोलंना."

त्रिंबकराव उठले. शहादेवला अजून तेलाचा वास सोडवत नव्हता.

परत गेल्यावर जानकीबाईंनी बोलायलाच नकार दिला. "त्ये पुन्यांदा तोंडानं काढू नै," एवढंच त्या म्हणाल्या. भारत मात्र दोघांना जीपपर्यंत पोचवायला आला आणि तिथं, वडिलांची पाठ वळल्यावर, बोलला.

दवाखान्यातून तो घरी पोचला त्याच दुपारी सिरसाळ्याहून मामीचा फोन आला होता. मामा गेले. मातीही उरकली. जानकीबाईंनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं, भावाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही म्हणून. मग भगवानरावांनी सगळ्यांना अंघोळी करायला लावल्या, सुतक घेऊन घरात वावरायचं नाही म्हणून. आणि अंघोळी उरकतात तोच पुन्हा फोन. बातमी झूट होती. मामांच्या डोक्याला कावळा शिवला होता, म्हणून मुद्दाम धाडलेली.

शहादेवला समजावून सांगावं लागलं नाही. कावळा डोक्याला शिवला की ते मरणाचं बोलावणं. ते टाळायचं, तर सोयऱ्यांना मेल्याची खोटी बातमी द्यायची. ती खरी मानून कोणी रडलं, की गंडांतर त्या आसवांवर निभावतं. नंतर त्याचा उच्चार करायचा नाही. शहादेवच्या आज्यासाठीही एकदा असंच सगळं गाव रडलं होतं, आणि आजा नंतर पुष्कळ जगला.

"म्हणजे डोक्यावर पाणी गेलं," त्रिंबकराव म्हणाले.

"दोन तांबे. पर धुतलं न्हाई मी. सुतकाची अंघोळ येगळी, डोकं धुनं येगळं." भारतनं फडक्याला हात लावला आणि लगेच काढला. "साबन न्हाई, शांपू न्हाई. नंतर आलतं माज्या मनात. पर बोललो आसतो तर मायला वाटलं आसतं, तिच्या रडन्यानं माजं वाटुळं झालं."

त्याला दोष द्यावा असं त्रिंबकरावांना वाटलं नाही. शब्दाला माणूस आपापल्या घरचा अर्थ लावतो. डॉक्टर ‘धुवू नका’ म्हणाली ती पाणी मनात धरून, आणि यानं ऐकलं ते साबण मनात धरून.

भगवानरावांपुढे हे मांडलं तेव्हा ते जास्तच चिडले. "मग चूक तिचीच की. धुवू नका मनली. अंघुळ करू नका, आसं कुटं मनली? सभा होनार म्हंजे होनार."

जीप गावाबाहेर पडल्यावर शहादेव म्हणाला, की काम संपलं, कावळ्यावर काय खटला भरता. त्रिंबकराव म्हणाले, "मेलेला माणूस भेटायचा राहिलाय. सिरसाळ्याला घे."

सिरसाळ्याच्या शिवारात ओढ्याच्या काठी जीपचं इंजिन तापलं. ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. पलीकडे बाभळीखाली माणसं उन्हात ताटकळत बसली होती आणि त्यांच्यापुढे पत्रावळीवर दहाव्याचे पिंड मांडलेले होते. शहादेव पाणी मागायला गेला, तर त्याला हातानंच थांबवलं. कावळा शिवायचा होता.

तो शिवत नव्हता. शिवायला कावळाच नव्हता. मेलेल्याचा मुलगा हात जोडून म्हणत होता, की बहिणीला अंतर देणार नाही, म्हातारीला सांभाळीन. शहादेव न राहवून म्हणाला, काहीतरी मोठी इच्छा राहिलेली दिसते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि लोक मोकळे झाले.

पाण्याची बाटली देताना एक म्हातारा म्हणाला, "विच्छा कसली राहतीय? यंदा ह्या शिवारात कावळाच न्हाई. जनावरं गेली छावनीला, झाडं वाळली, कावळा काय खाईल? उन्हाळा लागल्यापास्नं दर एका दहाव्याला दर्भाचाच कावळा करावा लागतुया."

त्रिंबकरावांनी पाणी इंजिनाला न घालता स्वतः प्यायलं आणि शहादेवच्या शिव्या खाल्ल्या.

बंकटमामा दारातच बाजेवर बसलेले सापडले. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हाडाचा माणूस. भाच्याचं डोकं बिघडलं याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मरणाचा विषय काढल्यावर ते हसले. "मी घोरत पडलतो लिंबाखाली. उठल्यावर ही मनली, तुमाला कावळा शिवला, मी निरोपबी धाडला, आन् आक्का रडलीबी. झोपेत काय कळतंय?"

मामी मंजुळाबाई आतून पाणी घेऊन आल्या. बारीक चणीच्या, कामसू, बोलायला मोजक्या. त्यांनी हकिगत नीट सांगितली. अंगणात कावळा आला, यांच्या डोक्याला पंजा लावून उडाला, त्यांच्या काळजात धस्स झालं, मग आक्कांना फोन केला. पुन्हा लगेच करून खरं काय तेही कळवलं. त्यात कसला वाईट हेतू.

"भारतला त्या दिवशी डोक्यात सुया टोचल्या होत्या, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"आमाला कसं ठावं आसंल? ती मोटी मानसं. आमाला काय सांगून जात्यात का?"

स्वयंपाकघराच्या दारात ताराबाई उभी होती. घरातल्या घरात, एवढ्या उकाड्यात, तिनं डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळली होती. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं नाही. माठाच्या तोंडावर पाणी गाळायला फडका बांधलेला होता, त्यावरून तिनं तांब्या ओतला आणि आत गेली. त्रिंबकरावांनी पेला रिकामा करून आणखी एक मागितला, आणि तो भरेपर्यंत माठाकडेच पाहत उभे राहिले.

परतताना शहादेव खुशीत होता. बाई बिचारी नवऱ्याच्या जिवाला भ्यायली, झालं ते चुकून झालं, आणि आता डॉक्टरणीनं माफी मागून मोकळं व्हावं, असा त्याचा सल्ला होता.

"तुझी जीप कुठे तापली होती, आठवतं?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. कंगवा आत ठेव आणि समोर बघून चालव."

सोमवारी सभेच्या आधी त्रिंबकरावांनी सगळ्यांना संस्थेच्या आतल्या खोलीत बसवलं. बंकटमामांना त्यांनी आदल्या दिवशी जाऊन एवढंच सांगितलं होतं, की भाच्याच्या लग्नाचा प्रश्न आहे, बायकोला आणि लेकीला घेऊन या. भगवानराव घड्याळाकडे पाहत होते. बाहेर सभासद जमत होते. डॉक्टर मनकर्णा एका कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"भारतनं खोटं सांगितलं नाही," त्रिंबकरावांनी सुरुवात केली. "त्याच्या भाषेत त्यानं डोकं धुतलं नाही. पण ताज्या टोचलेल्या कातडीवर टिपाडाच्या तळाचं पाणी गेलं, आणि तेच जंतू पुवात निघाले. सुई स्वच्छ होती. इथवर चेअरमनसाहेबांनाही पटलंय. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा अपघात आहे आणि तो डॉक्टरांच्या अपुऱ्या शब्दानं झाला."

"हायच," भगवानराव म्हणाले.

"अपघात नाही. मी आधी तसंच समजलो होतो. पण कावळ्याची बातमी मीही लहानपणी ऐकलीय. त्यात माणूस गेला एवढंच सांगतात. सोयऱ्यांनी रडावं आणि निघायच्या आत खरं कळावं, यासाठी. माती उरकली, असं कोणी सांगत नाही. कशाला सांगेल? जानकीबाई, माती राहिली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"तशीच पळाले आसते," जानकीबाई म्हणाल्या. "अंगावरल्या लुगड्यानं."

"सगळे पळाले असते. अंघोळ मातीनंतर झाली असती, म्हणजे झालीच नसती, कारण वाटेतच खरं कळलं असतं. माती उरकली म्हटल्यावर घरीच, तिथल्या तिथं डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. फोन करणाऱ्याला रडणं नको होतं. अंघोळ हवी होती."

मंजुळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"आता कावळा. सिरसाळ्याच्या शिवारात उन्हाळाभर कावळा नाही. मेलेल्यांच्या पिंडाला शिवायला मिळत नाही, म्हणून दर्भाचा करतात. हे मी आणि शहादेवनं डोळ्यांनी पाहिलं. जो कावळा पिंडाला येईना, तो बंकटरावांच्याच डोक्याला कसा शिवला?"

शहादेवला आता जीप कुठे तापली होती ते आठवलं.

"राहिला प्रश्न, की त्या दिवशी भारतच्या डोक्याला पाणी चालत नाही, हे सिरसाळ्यात कळलं कसं. मंजुळाबाई म्हणाल्या, आम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या माठावर पाणी गाळायला जो फडका आहे, त्याला निळ्या दोऱ्याची हातशिलाई आहे." त्यांनी भारतच्या डोक्याकडे बोट केलं. "असा फडका एकाच ठिकाणी मिळतो, आणि तो हातात देताना पथ्य ऐकवतात. पेशंटला आणि सोबतच्या माणसालाही."

भगवानरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर जमिनीकडे पाहत होत्या. त्या बोलणार नाहीत, हे त्रिंबकरावांना माहीत होतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

"मी होते," ताराबाई म्हणाली. "पडद्याआड. माय संगं होती. भारत आल्याला आमी बगितला, त्यानं न्हाई बगितलं."

बंकटमामा बायकोकडे वळले. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मंजुळे, तू मला मारलंस?"

"तुमचं आयुक्ष वाडंल म्हनूनच मारलं," मंजुळाबाई म्हणाल्या आणि मग एकदम सगळंच बाहेर आलं. लेक तापातून उठली तेव्हा तिच्या उशीवर केसांचा ढीग पडला होता. भाचा बघायला आला, दारातूनच हसला आणि टकली म्हणून गेला. पोरीनं त्या दिवसापासून घरातही डोकं उघडं केलं नाही. आणि त्या सकाळी पडद्याच्या फटीतून तोच भाचा दिसला, दुसरीसाठी केस लावून घेताना. "वाटलं, ह्याचंबी वाया जाऊ दे. बास. पिकंल, सडंल, आसं न्हाई वाटलं मला. देवाशप्पत न्हाई."

जानकीबाई उठून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "मी खरं रडले, मंजुळा. माज्या भावासाटी रडले. ते आसू तू वापरलेस." पण पुढच्या क्षणी त्या ताराबाईजवळ गेल्या, तिचं डोकं छातीशी धरलं आणि भारतकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आईचा राग आता दोघांत वाटला गेला होता, आणि मोठा वाटा लेकाला आला होता.

भगवानराव घसा खाकरून म्हणाले, की घरची गोष्ट घरात राहू द्यावी, सभेत डॉक्टरचा विषय काढणार नाही म्हणजे झालं.

"नाव तुम्ही गावोगाव घेतलंत," डॉक्टर पहिल्यांदाच बोलल्या. "माझा बाप घराबाहेर पडत नाही."

तोवर बंकटमामा दाराशी पोचले होते. मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, बाहेर जाऊन सभासदांपुढे उभे राहिले, आणि त्यांचा आवाज परत आला.

"राम राम मंडळी. मी बंकट, चेअरमनचा मेव्हना. त्या दिवशी मेलतो, आज जित्ता होऊन साक्ष द्याया आलोय. डॉक्टरीनबाईची काडीची चूक न्हाई. चूक माज्या घरातली हाय, आन् निम्मी ह्या घरातली."

मग त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. फक्त डॉक्टरांकडे आणखी कोणाचा इलाज चालू आहे, तेवढं सांगितलं नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्रिंबकराव सहज म्हणून दवाखान्यात डोकावले. जागा तीच होती, घरमालकच आता स्वतःचं विरळ डोकं घेऊन रांगेत बसला होता. आश्रुबा दारात बसून येणाऱ्याला नंबर देत होते. भारतचे फोड बरे झाले होते, केसांना वेळ लागणार होता. त्याचं लग्न मोडलं नव्हतं, पण मामाच्या दारात जाऊन ताराबाईपुढे मान खाली घालेपर्यंत जानकीबाईंनी त्याला तारीख धरू दिली नव्हती. ताराबाई पडद्याबाहेरच्या बाकावर बसली होती. ओढणी खांद्यावर होती आणि कानापर्यंत आलेले काळेभोर केस ती सारखे मागे सारत होती.

शहादेव मफलर गुंडाळून आला होता. त्याच्या कंगव्यात अलीकडे केस यायला लागले होते. त्रिंबकरावांनी त्याला ओळख दाखवली नाही.

आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, एका दमात, कवितेसारखा. तेल नको, कलप नको, ऊन नको, घाम येईल असं काम नको. पुढचं कडवं नवं होतं.

"आणि दोन दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही. धुवायचं नाही, न्हायचं नाही, अंघोळ गळ्याखाली. कुणी मेलं तरी."